जास्वंदीसमोर गंजलेला ट्रायपॉड

मित्रांनो, मी कॅमेऱ्याचा जुना ट्रायपॉड आहे. मला तीन पाय आणि एक डोकं आहे, आणि त्या डोक्यात माझ्या मालकापेक्षा जास्त अक्कल आहे. हसू नका, खरं तेच सांगतोय.

कारखान्यातून निघालो तो थेट एका फोटो स्टुडिओत आलो. तिथला म्हातारा फोटोग्राफर रोज माझे पाय पुसायचा, स्क्रूंना तेलाचा थेंब द्यायचा. गिऱ्हाइकांना म्हणायचा, "फोटो हा काढतो, मी नुसतं बटण दाबतो." तो गेला आणि मी त्याच्या मुलाच्या हाती पडलो. मुलाचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना विचारतो, "आता स्पष्ट दिसतंय का?" स्वतःला मात्र नाकासमोरचं दिसत नाही! एकदा त्याने मला ओढ्याच्या पाण्यात उभं केलं, ओलाच गुंडाळलं आणि खिडकीशेजारच्या कपाटावर फेकलं. तिथे मी निवांत गंजलो.

मग नवी लेन्स आली, फुलांचे अगदी जवळून फोटो काढायची. काय तो थाट! तिला मखमली पिशवी, तिच्यावर हळूच फुंकर. माझ्याकडे बोट दाखवून आमचे हे चष्मेवाले साहेब म्हणाले, "लेन्समध्येच थरथर थांबवायची सोय आहे, हे लोढणं आता कशाला?"

त्याची थोरली बहीण त्याच घरात राहते. तिच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चाललाय, बघेल त्याच्या मधोमध तिला धुकं दिसतं. नजर बरी होती तेव्हा तिने एका रंगाच्या जास्वंदीचे पराग ब्रशने दुसऱ्या रंगाच्या जास्वंदीला लावून, त्या बीपासून एक रोप तयार केलं होतं. त्या रोपाला आता पहिलं फूल आलं. जास्वंद एकच दिवस फुलते. पुढच्या फुलापर्यंत डोळे साथ देतील की नाही, कुणी सांगावं?

"टीव्हीवर मोठं करून दाखव रे," ताई म्हणाली. "आतून रंग कसा आलाय, एकदा बघू दे मला."

"तू बघच ताई! नवी लेन्स आहे!"

झालं. साहेब अंगणात ओणवे. भर दुपारी फुलावर बाटलीने पाणी फवारलं, म्हणे दव! मग नाक पाकळीला टेकेपर्यंत पुढे सरकले. अरे शहाण्या, इतक्या जवळ गेल्यावर नुसता श्वास घेतलास तरी फोकस सरकतो! पण मी ओरडून कोण ऐकणार? तो आपला खटाखट बटण दाबत होता आणि स्वतःलाच वा वा म्हणत होता.

नंतर दोघं टीव्हीसमोर बसली. एका केसराचं टोक तेवढं स्पष्ट आलं होतं, बाकी सगळा लाल चिखल. ताईने मान तिरकी करून बराच वेळ पाहिलं.

"अरे, हे तर मला रोज असंच दिसतं," ती म्हणाली.

साहेबांचा चेहरा पडला. तेव्हा कुठे त्यांना लोढण्याची आठवण झाली. मला खाली ओढलं, अंगणात नेलं आणि डोकं फिरवायला गेले. ते कसलं फिरतंय? पक्कड आणली, हातोडी आणली, मला शिव्याही घातल्या. गंज काय मी हौसेने चढवून घेतला होता? स्क्रू अखेर सुटला, तोवर ऊन उतरलं होतं आणि पाकळ्या मिटून त्यांची गुंडाळी झाली होती.

तरी त्याने फोटो काढला. मी जागचा हललो नाही. फोटोत पाकळीची शीर न् शीर दिसत होती. ताई टीव्हीच्या अगदी जवळ गेली, पुन्हा मान तिरकी केली.

"किती स्पष्ट आलंय रे!" ती म्हणाली. "मिटलंय मात्र." आणि भिंत चाचपत आतल्या खोलीत गेली.

त्याच संध्याकाळी त्याने माझे पाय पुसले, स्क्रूंना तेल दिलं, अगदी प्रेमाने. मला त्या प्रेमाची किळस आली. मित्रांनो, तेल घालायचं असेल तर फूल उमलायच्या आधी घाला.