मसाटच्या गटारातलं खापर

मित्रांनो, वर्षाताईंना अखेर पीएच.डी. मिळाली.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही ते लिहिलेलं नाही. तूर्त एवढंच धरून चाला, की वर्षाताई एकोणपन्नास वर्षांच्या आहेत, त्यांना पीएच.डी. मिळालेली नाही आणि ती मिळेल असं कोणालाच वाटत नाही.

मी एक जुनं खापर आहे. जुनं म्हणजे नऊ वर्षांचं. पुरातत्त्वाची माणसं हे वय ऐकून कीव केल्यासारखं हसतात, पण माझ्या भट्टीतली बाकीची भावंडं केव्हाच फुटली, त्या हिशेबाने मी वयोवृद्ध आहे. खापर हा शब्द नपुंसकलिंगी असल्याने मी ‘होतो’ म्हणावं की ‘होतं’, याचा अजून निकाल लागलेला नाही. मी ‘होतो’ म्हणणार आहे. सांभाळून घ्या.

माझा जन्म अमळनेरजवळच्या एका गावात झाला. कुंभाराने मला पोट मोठं दिलं आणि तोंड रुंद दिलं. पुतळाबाईंनी मला बोटाने वाजवून पाहिलं. मी ‘टण्’ असं बोललो. “हाई पक्कं शे,” त्या म्हणाल्या आणि मला जुन्या लुगड्यात गुंडाळलं. त्यांचे यजमान नथूभाऊ सिल्वासाजवळच्या मसाटला सुताच्या कारखान्यात मशीनवर होते. अमळनेर ते सुरत आणि सुरत ते वापी हा प्रवास मी पुतळाबाईंच्या मांडीवर केला. शेजारच्या एका बाईंनी लुगड्यात वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “बापावर गेलंय.”

मसाटच्या चाळीत मी सहा वर्षं मांडे भाजले. मांडा म्हणजे आत पुरण भरून, दोन्ही हातांवर फिरवत फिरवत टॉवेलाएवढी केलेली पातळ पोळी. ती खापरावर कशी भाजतात, हे मी आत्ता मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर गोष्ट इथेच संपेल. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांड्यांशिवाय चालत नाही. आखाजी आली की आमच्या खोलीपुढे बिहारची, ओडिशाची, जवळच्या खानवेलची, सगळी माणसं ताटं घेऊन उभी राहायची. त्यांतल्या अनेकांना आखाजी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्यांना मी माहीत होतो.

पुढे चाळमालकाने चुली बंद केल्या. पुतळाबाईंनी मला गॅसवर ठेवलं. मी तडकलो. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे न पाहता मला चाळीमागच्या उकिरड्यावर ठेवलं. फेकलं नाही, ठेवलं. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. मग माझ्यावर माती पडली, प्लॅस्टिक पडलं आणि तीन वर्षं कोणीही वळून पाहिलं नाही.

आता वर्षाताईंविषयी. हे सगळं मला त्यांच्या वह्यांनी सांगितलं. हल्ली आम्ही एकाच कपाटात असतो आणि वह्या फार बोलतात.

वर्षाताई पुण्यात शिकल्या. मग अकरा हिवाळे त्यांनी कच्छमध्ये एका उत्खननावर काढले. हडप्पा काळातलं गाव होतं. इतरांना मणी सापडले, मुद्रा सापडल्या. वर्षाताईंच्या वाट्याला खापरं आली. मुद्रा सापडली की पेपरात फोटो येतो. खापरं सापडली की पोतं येतं. त्यांनी ती धुतली, त्यांच्यावर बारीक अक्षरात नंबर घातले, त्यांची चित्रं काढली. त्यांत सदतीस तुकडे असे निघाले, की काजळी आतून, बाहेरून मात्र स्वच्छ. मित्रांनो, चुलीवरचं भांडं बाहेरून काळं होतं. हे कळायला पदवी लागत नाही. मग हे आतून काळं कसं?

त्यांचे मार्गदर्शक सर म्हणाले, “आगीत पडली असतील भांडी.”

“सदतीस?” वर्षाताई म्हणाल्या. “सर, ती माणसं सारखी अडखळत होती का?”

सरांना हे आवडलं नाही.

पुढे त्यांचे यजमान शंतनु यांना मसाटला मॅनेजरची नोकरी लागली आणि वर्षाताई सिल्वासाला आल्या. एका कॉलेजात तासावर इतिहास शिकवू लागल्या. प्रबंधाची पाच प्रकरणं तयार होती. सहावं, ‘काजळी आतून का?’, चौदा वर्षं कोरं होतं. विद्यापीठाने तिसरी आणि शेवटची मुदतवाढ दिली, ती मार्चअखेरपर्यंत. त्यानंतर नोंदणी रद्द.

“ते एक गाळून टाक ना,” शंतनुराव म्हणाले. “बाकीची पाच आहेत.”

“अरे, बाकीची पाच त्या एकासाठी लिहिलीत.”

फेब्रुवारीत मसाटला चाळीमागे गटाराचं खोदकाम निघालं. वर्षाताई यजमानांचा विसरलेला डबा घेऊन स्कूटरवरून चालल्या होत्या. ढिगावर मी पडलो होतो, कुशीवर, आतली बाजू रस्त्याकडे करून. त्यांनी ब्रेक मारला. माझी माती जाडीभरडी आहे, भाजणी अलीकडची आहे, हे त्यांना दिसलं असणारच. पण माझी आतली बाजू काळीकुट्ट होती. ज्या माणसाने आयुष्यात कधी घाई केली नाही, तो ती करायला बसला की फार मोठी करतो. त्यांनी काम थांबवायला सांगितलं. ठेकेदाराने लगेच थांबवलं, कारण काम थांबवणं हे त्याच्या आवडीचं काम होतं. माझा फोटो पुण्याला सरांकडे गेला. शंतनुरावांनी प्रेमापोटी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, ‘मिसेसला मसाटमध्ये हडप्पा सापडलं.’ संध्याकाळपर्यंत सिल्वासाखाली शहर असल्याचं ठरलं. एका एजंटने ‘हडप्पा व्ह्यू’ या नावाने प्लॉटची बुकिंग घ्यायची तयारी केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी वर्षाताई खड्ड्याच्या काठावर बसून ब्रशने माझी माती झटकत होत्या. तेवढ्यात पुतळाबाई आल्या. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात बादली, पाय ओले.

“ओ मॅडम! आठे आम्हना घरमा पाणी घुसी राहिनं, आनि तुम्ही खापरले पावडर लावतस?”

“मावशी, दोनच दिवस द्या. हे फार जुनं आहे हो.”

पुतळाबाई वाकल्या. मला ओळखायला त्यांना अर्धा श्वास लागला.

“हाई तं मन्हं खापर शे!”

“तुमचं? म्हणजे… किती वर्षांपूर्वीचं?”

“मन्हा गोकुळ तिसरीमा व्हता. आता बारावीले शे.”

वर्षाताईंनी बोटांवर मोजलं. मोजायची गरज नव्हती. त्यांचा चेहरा उतरला तसा मी कोणाचाच उतरलेला पाहिलेला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “मग हे आतून काळं कसं झालं?”

पुतळाबाई हसायला लागल्या. “घ्या! इतलं शिकेल बाई! खापर पालथं ठेवतस. तोंड खाले, पाठ वर. जाळ आतमा, मांडा पाठवर.”

“पालथं?”

“मंग काय, उताणं?”

मित्रांनो, पुरातत्त्वात भांड्याचं चित्र काढायचा एक नियम आहे. तोंड नेहमी वर. वर्षाताईंनी चौदा वर्षं त्या सदतीस भांड्यांची चित्रं तोंड वर करूनच पाहिली होती. त्यांनी पिशवीतून वही काढली. पान उघडलं. आणि वही उलटी धरली.

त्या रडल्या की हसल्या, ते मला नीट दिसलं नाही. ब्रश माझ्या डोळ्यांत होता. गटाराचं काम मात्र त्याच दुपारी पुन्हा सुरू झालं. तेही वर्षाताईंनीच सुरू करायला सांगितलं.

पुण्याहून सरांचा फोन आला. “वर्षा, नऊ वर्षांचं खापर? ते प्रकरण सोड आता. माझंही नाव आहे त्याच्यावर.” ग्रुपवरही पुष्कळ बोलून झालं. मराठीत दोषाचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडतात. मी आधीच फुटलेलो असल्याने सगळ्यांची सोय झाली.

नथूभाऊंनी गावाहून नवं खापर आणलं. पुतळाबाई कुरकुरल्या, “आखाजीपहिले मांडा? मन्ही सासू वरतून पाही राहिनी व्हई!” पण चाळमालक वापीला गेल्याचा मुहूर्त साधून त्यांनी तीन विटांवर खापर पालथं घातलं आणि चाळीमागे बारा मांडे भाजले. खापर थंड झाल्यावर वर्षाताईंनी ते उलटलं. आत काजळी आणि काठावर विटा टेकलेल्या तीन फिकट जागा. वहीत एका जवळजवळ अख्ख्या भांड्याच्या काठावर अशाच तीन फिकट जागा होत्या. त्यांच्यापुढे अकरा हिवाळ्यांपैकी तिसऱ्या हिवाळ्यात लिहिलं होतं, ‘कारण अज्ञात’. वर्षाताईंनी ते खोडलं नाही. पुढे फक्त एक शब्द लिहिला, ‘विटा?’. मग त्या खाली बसून सलग सहा मांडे जेवल्या.

सहावं प्रकरण एकतीस मार्चला दुपारी जमा झालं.

तोंडी परीक्षेला त्यांनी मला टेबलावर ठेवलं. परीक्षकांनी चष्मा वर केला. “हे किती जुनं?”

“नऊ वर्षं, सर.”

“मग याने चार हजार वर्षांपूर्वीचं काय सिद्ध होतं?”

“सिद्ध काहीच होत नाही. असं असू शकतं, एवढंच.”

परीक्षकांनी चष्मा पुन्हा खाली घेतला. मग त्यांनी मला उचललं आणि पालथं ठेवलं. पुढचं तुम्ही सुरुवातीला वाचलेलं नाही.

मित्रांनो, घरातलं फुटकं भांडं टाकण्याआधी ते कसं वापरायचे, हे वापरणाऱ्या बाईला एकदा विचारा. तिला आत्ता विचारलं तर चार हजार वर्षांनी कोणाची तरी चौदा वर्षं वाचतील.

माझं सध्या बरं चाललं आहे. माझ्यावर नंबर आहे, ‘मसाट-१, आधुनिक’. पण पदवीच्या कागदपत्रांत मार्गदर्शक म्हणून पुण्याच्या सरांचं नाव छापून आलं आहे. म्हणून मी पुढील अर्ज करत आहे.

प्रति, माननीय कुलगुरू महोदय यांस. विषय: मार्गदर्शकाच्या नावात दुरुस्ती. महोदय, सदर प्रबंधाच्या मार्गदर्शक म्हणून श्रीमती पुतळाबाई, राहणार मसाट, यांच्या नावाची नोंद पूर्वलक्षी प्रभावाने व्हावी. त्यांची शैक्षणिक अर्हता चौथी पास आहे. मार्गदर्शनास लागलेला एकूण कालावधी अर्धा मिनिट. त्या वेळी त्यांच्या खोलीत घोट्याएवढं पाणी होतं, ही बाब अनुभव म्हणून ग्राह्य धरण्यात यावी. अर्जदारास हात नसल्याने सही केलेली नाही, काजळीचा ठसा सोबत जोडला आहे. तो आतल्या बाजूने पाहावा, ही विनंती.