परीक्षणातली उणीव

सी-स्कीम भागातल्या इटालियन भाषेच्या वर्गात बाकी सगळी टुरिस्ट गाइड व्हायला निघालेली पोरं. साठी उलटलेल्या एकट्या अलकाताईच. या वयात कशाला शिकता, असं कुणी विचारलं की त्या म्हणत, "रिकामपणाचा उद्योग."

राठोड मॅडमनी एखाद्या पुस्तकाचं परीक्षण लिहायला सांगितलं, तेव्हा अलकाताईंनी उत्कर्षाची कादंबरी निवडली. उत्कर्षा त्यांची लेक. भांडून इटलीला गेली ती तिथलीच झाली. आईशी बोलणं टाकलं, आणि पुस्तक लिहिलं तेही तिथल्याच भाषेत. मांडीवर शब्दकोश घेऊन अलकाताईंनी ते कसंबसं वाचून काढलं होतं.

वर्गात त्यांनी नातं काही सांगितलं नाही. आपल्या लेकराचं कौतुक आपणच चारचौघांत केलं तर दृष्ट लागते. मग लेखिका कुणी परकीच आहे असं दाखवून त्यांनी पानभर कौतुक लिहिलं.

मॅडमनी कागद परत दिला. "आंटीजी, ये तो सिर्फ तारीफ है. कुछ कमी भी लिखिए."

अलकाताईंचं पेन अडलं. पोटच्या पोरीला परक्यांपुढं नावं ठेवायची तरी कशी? मग येत होत्या तेवढ्या साध्या शब्दांत त्यांनी खाली इटालियनमध्ये लिहिलं:

"या पुस्तकात आई दुसऱ्याच प्रकरणात मरते. लेखिकेनं घाई केली. आई अजून भाषा शिकत होती."