उडाणटप्पूचा बंदोबस्त

उडाणटप्पूने या खेपेला राजाची दाढी ओढली. तीही भर दरबारात, काही कारण नसताना, आणि त्याचे दोन्ही साथीदार जीव मुठीत धरून खांबाआड उभे असताना. पुढे व्हायचं तेच झालं. शिपायाचा कान गेला, वैद्याची औषधांची पेटी जळाली आणि उडाणटप्पू मात्र खिडकीतून उडी मारून सहीसलामत सुटला.

उडाणटप्पू म्हणजे आत्याबाईंचं पात्र. रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून झालं की भाचेसून त्यावर चौकटींचा कागद पसरायची आणि गोष्टीचा खेळ सुरू व्हायचा. गोष्ट ती सांगायची. बाकीच्यांनी आपापलं पात्र काय करतं ते बोलायचं, आणि करायचं ते अवघड असेल तर फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर फजिती. तिचा नवरा ढालवाला शिपाई होता. काठीने जमीन ठोकून बघितल्याशिवाय तो पाऊल टाकायचा नाही. खऱ्या आयुष्यातही तो विमा कंपनीत, कुठे काय बिघडू शकेल हे शोधायच्या कामावर होता. समोरच्या दारातला दंतवैद्य खेळातही वैद्यच झाला होता, कारण त्याला दुसरं काही सुचलं नाही.

आत्याबाई नवऱ्याच्या आत्या. त्यांचा उभा जन्म लोकांना पोहायला शिकवण्यात, म्हणजे घाबरटांना पाण्यात ढकलण्यात गेला होता. मागे जिन्यात पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि भाच्याने त्यांना आपल्या घरी आणलं. हाड कधीच जुळलं. काठी घेऊन खुशाल फिरा, असं डॉक्टरही म्हणाले. पण भाच्याची भीती काही गेली नाही. इमारतीला लिफ्ट नव्हती. त्याने दाराला वर, अगदी चौकटीलगत, आणखी एक कडी बसवून घेतली. पडल्यापासून आत्याबाईंचा हात खांद्याच्या वर जात नसे. घरात माणसं असली की ही कडी, आणि दोघं कामावर गेली की बाहेरून कुलूप. ते कुलूप लावायचं काम भाचेसुनेकडे होतं, कारण ती मागाहून निघायची.

अशी ही बाई टेबलाशी बसली की मात्र तिच्या अंगात यायचं. खाली पाणी आहे की खडक हे न बघता उडाणटप्पू पुलावरून उडी टाकायचा. झोपलेल्या राक्षसाला उठवून त्याचे दात मोजायचा. फासाही मेला त्यांनाच फितूर होता.

दाढीच्या प्रकरणानंतर नवऱ्याने बायकोला स्वयंपाकघरात गाठलं.

“याचा काहीतरी बंदोबस्त कर,” तो म्हणाला. “काल आत्या स्टुलावर चढली होती. विचारलं तर म्हणते, उडाणटप्पू चढलाच असता की! हे खूळ डोक्यात जातंय तिच्या. एक तर त्याला आवर घाल, नाहीतर खेळ बंद.”

खेळ बंद म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. आत्याबाई सोमवारी सकाळपासूनच रविवारची वाट बघायच्या. तेवढंच त्यांचं बाहेर पडणं होतं. इकडे नवरा हट्टाला पेटलेला, तिकडे म्हातारी आशेला लागलेली, आणि मधल्यामध्ये हिची कोंडी.

दंतवैद्याला विचारलं तर तो म्हणाला, “किडलाय तो. काढूनच टाका. एक खड्डा खणा, तळाला भाले लावा, उडी तो आपणहून मारेल. मोकळं वाटेल तुम्हाला.”

तिला ते जमेना. मारायचं नाही, नुसतं कोंडून ठेवायचं, असं तिने ठरवलं. उडाणटप्पूला दुखणार नाही, खुपणार नाही, आणि खेळही चालू राहील. स्वतःच्या या अकलेवर ती खूशही झाली.

ती वास्तुरचनाकाराच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढायची. तिच्या गोष्टीतली प्रत्येक खोली मापात काढलेली असे, कारण एरवी नवरा भिंतीच्या जाडीवरूनसुद्धा हुज्जत घालायचा. त्याच्याच कटकटीला कंटाळून तिने एक नियम केला होता: सांगितलं ते झालं. एकदा तोंडातून गेलेलं तिलाही मागे घेता येत नसे. त्या आठवड्यात ऑफिसात मान वर करायला फुरसत नव्हती. कैदेची खोली तिने घाईघाईत, हाताला येईल तशी काढली.

रविवारी उडाणटप्पूला झोपेत उचलून त्या खोलीत टाकण्यात आलं. तिने नकाशा पुढे सरकवला. आत्याबाईंनी चष्मा लावून तो बराच वेळ बघितला.

“पलंग इथे?” त्यांनी विचारलं.

“हो. भिंतीला लागून.”

“आणि खिडकी?”

“आहे ना. गज आहेत तिला. समोर पाण्याची टाकी दिसते.” नकाशाबरोबर टाकीही कुठून सुचली, याचा तिने विचार केला नाही.

“बरं,” आत्याबाई म्हणाल्या. “बसतो.”

शिपाई आणि वैद्य पुढे निघाले. काठीने जमीन ठोकत त्यांनी एक दरी ओलांडली, एक पूल तपासला. पाळी आत्याबाईंवर आली.

“उडाणटप्पू काय करतो?”

“बसतो.”

पुन्हा पाळी आली. “बसतो.” त्यांनी फाशाला हातही लावला नाही. नवरा खुशीत होता. “बघ, किती शिस्तीत चाललाय आज खेळ!” तो म्हणाला. दंतवैद्याने मात्र जांभई दिली.

“सूनबाई, दाराला कडी कुठे आहे?” आत्याबाईंनी विचारलं.

“वर.”

“किती वर?”

“हात पोचणार नाही इतकी,” ती म्हणाली, आणि तिची नजर नकाशावर गेली. घरातली मागची, आत्याबाईंचीच खोली होती ती. पलंग, गजांची खिडकी, कोपऱ्यातला कोनाडा, सगळं मापासकट तिने जसंच्या तसं उतरवलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सांगितलं ते झालं होतं.

“कोंडलंय कोणी? राजाने?”

खोटं सांगणं सोपं होतं. राजा म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो कागदाकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून ती खोली त्यालाही ओळखू आलेली दिसत होती.

“नाही,” ती म्हणाली. “त्याच्याच माणसांनी. त्याच्या काळजीपोटी.”

“मग कठीण आहे,” आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता. “राजा असता तर उडाणटप्पूने त्याचं टाळकं फोडलं असतं. आपल्या माणसांचं काय करायचं?”

“आत्या, अगं खेळ आहे हा,” नवरा म्हणाला.

भाचेसून उठली. दाराशी जाऊन तिने टाचा उंचावल्या आणि वरची कडी काढली. कडी करकरली. दार उघडलं तसा जिन्यातला गार वारा आत आला आणि टेबलावरचा कागद उडाला.

“नियम मोडला की गं,” आत्याबाई म्हणाल्या.

“नाही मोडला. त्याचा हात पोचत नव्हता. माझा पोचतो.”

आत्याबाईंनी काठी घेतली. नवरा ताडकन उभा राहिला. “आत्या, पडलीस तर?”

“तर पडेन. भाले नाहीत ना रे खाली?” त्यांनी टेबलावरचा फासा उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. “आज माझ्या वतीने तू टाक.”

भाचेसुनेने त्यांना हात पुढे केला. तो त्यांनी धरला नाही, कठडा धरला. एकेक पायरी, मधे थांबत, दम खात दोघी खाली जाऊ लागल्या. नवरा उंबरठ्यावर उभा होता आणि त्याची मूठ घट्ट आवळलेली होती. आकडा लहान आला तर काय, या विचाराने त्याची बोटं उघडेनात.

वळणावरून आत्याबाईंचा आवाज आला. “अरे, टाकलास का?”

फासा अजून त्याच्या मुठीतच होता. खाली काठीचा आवाज चालू होता.