तांड्यावरच बंद पडणारा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर तिसऱ्यांदा समीक्षाच्या आर्णी गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात आला आणि तिसऱ्यांदाही बटण दाबताच मुकाट्याने चालू झाला. समीक्षाने तो चार तास चालवला. व्हिडिओ लावले, वायरी हलवून पाहिल्या, पंख्याला कान लावला. एकदाही बंद पडला नाही.

"घरी कधी कधी पाच मिनिटं टिकत नाही ताई," उज्ज्वला म्हणाली. "इथं काहून नखरे करत नाही?"

"तुझ्या सासरी नांदायचं नसेल त्याला."

समीक्षा बोलली खरी, पण तिला स्वतःला हसू आलं नाही. पहिल्या खेपेला तिने रॅम काढून खोडरबराने घासली होती, दुसऱ्या खेपेला पॉवर सप्लाय बदलला होता. आता बदलायला उरलं काय? इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या बाईला 'आपोआप बिघडतं' असं म्हणणं जमत नव्हतं.

उज्ज्वला जवळच्या तांड्यावरची सून. पुढच्या गुरुवारी तिची मराठी टायपिंगची परीक्षा होती. मागच्या वेळी ती मिनिटाला पाच शब्दांनी हुकली होती. तेव्हा सासरे हिरासिंग यांनी हा जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि बजावलं, "ही शेवटची खेप. नाही जमलं तर पुन्हा परीक्षेचं नाव काढायचं नाही."

"घरी व्होल्टेज कमी येतं का?" समीक्षाने विचारलं.

"कायचं कमी? बल्ब तर लख्ख लागते."

शेवटी समीक्षाने तिला एकच काम दिलं. कॉम्प्युटर कधी चालतो, कधी बंद पडतो, वेळ लिहून ठेव.

रविवारी रात्री वहीच्या पानाचा फोटो आला. सकाळी नऊपर्यंत चालतो. दहाला बंद. दुपारी दोनला पुन्हा तासभर चालतो. शुक्रवारी तसंच, शनिवारी तसंच. रविवारी मात्र दिवसभर चालला.

समीक्षाने पान उलटसुलट वाचलं. उन्हाने तापत असावा म्हणावं, तर रविवारीच सगळ्यात जास्त ऊन होतं. शेतातल्या मोटरींमुळे म्हणावं, तर मोटरींना कुठे रविवारची सुट्टी असते?

सोमवारी दुपारी ती मीटर पर्समध्ये टाकून स्कूटीवर तांड्यावर गेली. उज्ज्वलाची सासू मानीबाई दारातच म्हणाली, "आव बाई, बेस," आणि चहा ठेवून आपल्या कामाला परसात गेली.

समीक्षाने मीटरच्या पिना बोर्डात घातल्या. एकशे अठ्ठेचाळीस व्होल्ट, दोनशे तीसच्या जागी. तिने कपाळावर हात मारला. एलईडी बल्ब एवढ्यावरही लख्ख लागतो. आपण बल्बाच्या साक्षीवर विश्वास ठेवला!

पण हात न लावता आकडा हलला. एकशे पंचावन्न. एकशे एकाहत्तर. एकशे शहाण्णव. तिने पिना काढून पुन्हा घातल्या. एकशे नव्व्याण्णव.

"काय झालं ताई?"

"काही नाही. म्हणजे, मला कळत नाहीये."

बाहेर भांडी वाजली म्हणून तिने खिडकीतून पाहिलं. मानीबाई भांडी विसळून टोपातलं पाणी ओतत होती. ते जिथे जिरत होतं तिथे जमिनीत एक लोखंडी सळई ठोकलेली होती. सळईला वायर गुंडाळलेली, आणि वायर भिंतीतून आत आलेली.

"काका, ती सळई कायची?" समीक्षाने ओसरीवर बसलेल्या हिरासिंग यांना विचारलं.

"ती? अर्थिंग," हिरासिंग म्हणाले. "वावटळीत खांबावरची एक तार तुटली. लाईनमनची वाट कोण पाहते? परतीची लाईन जमिनीतून घेतली. अर्ध्या तांड्याची तशीच आहे. पाणी टाकलं का जोर येते."

"मग हे मला सांगितलं का नाही?"

"तू कॉम्प्युटरचं विचारलं, बाई. घराचं कुठं विचारलं?"

माती वाळली की वीज अडते, ओली झाली की वाहते. सकाळची आंघोळ, दुपारची भांडी, रविवारचे कपडे, सगळं पाणी तिथेच. वहीतली एकेक वेळ जागेवर बसली. समीक्षाला बरं वाटायला हवं होतं. पण वीज जिथे जमिनीत उतरत होती, तिथेच ती बाई अनवाणी, ओल्या पायांनी उभी होती.

"मावशी, तिथं पायाला काही होतं का?"

"मुंग्या येते ना. डॉक्टर म्हणे, शिरेचं आहे. गोळ्या चालू आहे."

समीक्षाने तिला हाताला धरून ओट्यावर आणलं. "ही वायर आजच्या आज काढा. तोवर त्या सळईजवळ कोणीच जायचं नाही."

"तीनच दिवस राहिले ताई," उज्ज्वला सासूकडे हात करून घाईने म्हणाली. "गुरुवारपर्यंत राहू द्या. याडीले मी तिकडं फिरकूच देत नाही. मी ओतते पाणी, घागर घागर."

"आणि तू ओतशील तेव्हा तुझे पाय कुठे असतील?"

उज्ज्वलाने कॉम्प्युटरकडे पाहिलं. तो आता छान चालला होता. मग तिने सासूच्या ओल्या पायांकडे पाहिलं, स्टुलावर चढली आणि मेन स्विच खाली ओढला.

"अन् पंखा?" हिरासिंग ओरडले.

"लाईनमनले फोन लावा, मामाजी."

मंगळवारी पहिल्या गाडीने उज्ज्वला दुकानात आली. समीक्षाने काउंटरचा एक कोपरा मोकळा करून तिला मशीन लावून दिलं. गिऱ्हाइकं येत होती, चार्जर मागत होती, स्क्रीन गार्डवरून घासाघीस करत होती. एकाने तर तिलाच दुकानदार समजून केबल मागितली. उतारा शेवटच्या ओळीपर्यंत गेला. मधेच मशीन विझेल ही धास्ती महिनाभरात पहिल्यांदाच नव्हती.

समीक्षाने वाकून पाहिलं. उताऱ्याच्या मधोमध, शेतकी शाळेच्या वर्णनात, 'दादा केबल संपली' असं टाइप झालेलं होतं.

"किती?" उज्ज्वलाने विचारलं.

"अठ्ठावीस. तीस लागतात ना?"

"ते केबलचे तीन शब्द धरून का सोडून?"

समीक्षा बोटांवर शब्द मोजू लागली. उज्ज्वलाने कागद सरळ केला. "पुन्हा वेळ लावा ताई."