निम्मा बहार

मित्रांनो, निलंग्याच्या वाटेवर, काळ्या रानातल्या विहिरीजवळ जे संत्र्याचं झाड दिसतं, ते मी. वय पंचविशीचं. माणसांत ते तरुणपण, आमच्या जातीत म्हातारपण. पण बहाराचे दिवस जवळ आले की अजूनही माझ्या जिवाला घोर लागतो. यंदा फूल येईल ना?

माझा जन्म निलंग्याच्या महेबूबच्या रोपवाटिकेत झाला. त्यानं जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून कलम केलं, पट्टी बांधली आणि डोळा फुटेपर्यंत तो रोज वाकून पाहत राहिला. मग गुरुबसप्पा नावाच्या शेतकऱ्यानं मला साठ भावंडांसह बैलगाडीतून इथं आणलं. त्याची बायको शिवम्मा पाणी घालताना माझ्या फांद्या चाचपून बघायची.

पाचव्या वर्षी मी पहिल्यांदा लगडलो. फळं अजून हिरवी होती, आणि गणपती बुडवून माणसं निजली होती, त्या पहाटे जमीन हादरली. गावातली दगडमातीची घरं खाली बसली. शिवम्मा भिंतीखाली गेली.

त्यानंतर कित्येक महिने गुरुबसप्पा, त्याचा मुलगा नरसिंग आणि नवी सून उमादेवी आमच्या बागेत ताडपत्रीखाली राहिले. माझी फळं पिकली, पण कोणी तोडली नाहीत. गुरुबसप्पा म्हणायचा, "जिनं पाणी घातलं तीच न्हाई. आता कुणाच्या तोंडात घालू?" माघ सरेपर्यंत मी ते ओझं अंगावर वागवलं. त्या बहारात मला एकही फूल आलं नाही.

लोक म्हणाले, झाडानं हाय खाल्ली. दुःख मलाही होतं, मित्रांनो, पण कारण वेगळं होतं. माझ्या अंगात काही उरलंच नव्हतं. त्या रिकाम्या वर्षात मी सावरलो, आणि पुढच्या वर्षी इतका लगडलो की एक फांदी मोडली. मग पुन्हा रिकामा. असा फेराच लागला. भरल्या साली नरसिंग येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं मला दाखवायचा. रिकाम्या साली माझ्या बुंध्याकडं नुसता बघत राहायचा. ती नजर कुऱ्हाडीच्याही आधी लागायची.

गुरुबसप्पा गेला. नरसिंगची मुलगी शिवगंगा हुशार निघाली. दहावी झाली की तिला लातूरला क्लासला घालायचं, हे आधीपासूनच ठरलं. गावोगावची मुलं तिकडंच निघाली होती. नरसिंगला आता भरवशाचं पीक हवं होतं.

"एक साल देतंय अन् एक साल उपाशी ठेवतंय. असलं झाड काय कामाचं?" तो म्हणाला. "ऊस लावू."

 उमादेवीला दुसरंच काहीतरी दिसलं होतं. आदल्या भरल्या साली चैत्रात गारपीट झाली होती. गारांनी माझ्या पश्चिमेकडची सगळी कोवळी फळं झोडपली, पूर्वेची वाचली. आणि यंदाच्या रिकाम्या सालात थोडंफार फूल आलं, ते फक्त पश्चिमेला. ती माझ्याभोवती दोनदा फिरली, एसटीनं निलंग्याला गेली आणि म्हाताऱ्या महेबूबला घेऊन आली.

त्यानं माझ्या बुंध्यावरून हात फिरवला. "बेटी, झाड वांझ न्हाई. एका साली जीव तोडून देतंय, दुसऱ्या साली दम घेतंय. पुढच्या बहाराला फळं गोट्यांएवढी झाली की निम्मी काढून टाक. अन् पिकल्यावर झाडावर ठेवू नको."

"निम्मी? मालक मला रानातून हाकलतील, चाचा."

"मग झाडं उपटू दे त्यांना," महेबूब म्हणाला. "तुझी मर्जी."

पुढच्या वर्षी भर उन्हाळ्यात तिनं शिडी लावली. हिरव्या गोट्या टपटप खाली पडू लागल्या. नरसिंग धावत आला.

"येडी झालीस का? हातातोंडाशी आलेलं तोडून राहिलीस!"

"राहिलेली नीट पोसावीत म्हणून तोडून राहिले."

"ऐक. येत्या माघात फूल न्हाई दिसलं, तर बाग उपटतो. मग बोलायचं न्हाई."

"हाव," ती म्हणाली. आणि तिनं शिडी पुढच्या झाडाला लावली. तिच्या एकटीच्यानं तीनच रांगा झाल्या.

त्या साली फळ कमी आलं, पण टपोरं आलं, आणि वेळेवर उतरलं. मग पौषात आम्हाला ताण दिला. पाणी तोडलं, पानं कोमेजली. पुन्हा पाणी सोडलं तेव्हा मी मुळं पसरून ते ओढलं, आणि वाट पाहू लागलो. आठ दिवस गेले, दहा गेले. बांधावर ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. उमादेवी रोज सकाळी फांदी वाकवून बघायची आणि सोडून द्यायची. मित्रांनो, फूल काही मनात आणून येत नाही. मी नुसता भीत होतो.

पंधराव्या दिवशी तिनं फांदी वाकवली, ती सोडलीच नाही. पानांच्या बगलेत ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके होते. तिनं नरसिंगला हाक मारली.

नरसिंगनं दुसरीही फांदी वाकवून पाहिली. "निम्मंच आलंय," तो म्हणाला.

"मी निम्मंच मागितलं होतं."

त्या तीन रांगा राहिल्या. बाकीच्या झाडांना फूल नव्हतं. ती त्याच दिवशी उपटली. माझी भावंडं वांझ नव्हती हो, थकली होती.

दोन वर्षांनी दिवाळीला शिवगंगा लातूरहून आली. तीन क्लास, वर रोजच्या परीक्षा. डोळे खोल गेलेले. माझ्या सावलीत पुस्तक उघडून बसली आणि रडू लागली. "आई, वाचलेलं ध्यानातच राहत न्हाई गं."

"अजून एक बॅच लावू," नरसिंग काळजीनं म्हणाला.

"दोन काढून टाका," उमादेवी म्हणाली. "एकच ठेवा."

"मागं पडंल ती."

"पडू द्या. मला पुढच्या साली बी लेक पाहिजे."

नरसिंगनं उपटलेल्या रांगांच्या जागी उभ्या असलेल्या उसाकडं पाहिलं, आणि या खेपेला तो भांडला नाही.

चौकातल्या गुणवंतांच्या फलकांवर शिवगंगाचा फोटो लागला नाही. पण ती नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला गेली, आणि आता पोटभर जेवते, असं उमादेवी महेबूबला सांगत होती.

मित्रांनो, एखादं झाड यंदा रिकामं दिसलं, तर कुऱ्हाड उचलण्याआधी एवढंच विचारा: मागच्या साली आपण याच्याकडून किती घेतलं होतं?