डाव्या दांडीतला अंगठा

मी एक जुना गेमिंग कन्सोल आहे. हातात धरून खेळायचा. मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणे आणि दोन छोट्या दांड्या. माझ्या डाव्या दांडीत एक अंगठा राहतो.

घाबरू नका, मित्रांनो. अंगठा वाईट नाही. तो फक्त डावीकडे ढकलतो.

माझा जन्म एका मोठ्या, थंड, पांढऱ्या खोलीत झाला. तिथे डोक्याला टोप्या घातलेल्या बायका ओळीने बसल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीने मला पहिल्यांदा चालू केले, डावी दांडी डावीकडे, डावीकडे, घराच्या दारातून डावीकडे, रस्त्याने, दिव्याच्या खांबापाशी, लाकडी धक्क्यावर, पाणी.

बघा. पुन्हा इथेच आलो.

माफ करा. जुन्या वस्तू आपली गोष्ट कशी सांगतात ते मला माहीत आहे. आधी जन्म, मग कष्ट, मग कौतुक, मग अडगळ. मलाही तसेच सांगायचे आहे. पण वाक्य सुरू केले की कोणीतरी ते वळवते आणि मी त्या धक्क्यावर येऊन पोहोचतो. म्हणून दुकानापासून सुरुवात करतो. तेव्हा अंगठा माझ्यात आला नव्हता.

दुकानातल्या काचेच्या टेबलावर आम्ही तिघे ठेवलेले होतो. पहिल्याचा पडदा माझ्या दीडपट. दुसरा पिसासारखा हलका. तिसरा मी, जाडजूड आणि बुटका. समोर तीन माणसे होती. काका, काकू आणि त्यांची लेक.

काका आयुष्यभर लोखंडाच्या गोदामात क्रेन चालवत होते. छताखालच्या केबिनमध्ये बसायचे आणि दोन लिव्हर ढकलून लोखंडाचे गठ्ठे माणसांच्या डोक्यांवरून न्यायचे. तिथे त्यांना सगळे 'सावकाश' म्हणत, कारण दिवसभर त्यांच्या तोंडी तोच एक शब्द. निवृत्त झाल्यावर त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी दाबायला मातीचा गोळा दिला, तो त्यांनी खिडकीतून बाहेर फेकला. "मी काय रांगतं बाळ आहे?" म्हणाले. तेव्हा लेकीने त्यांना इथे आणले.

"काका, हा घ्या," दुकानदार पहिल्याला पुढे सरकवत म्हणाला. "पडदा बघा, रंग बघा. लोक तुटून पडतात याच्यावर."

"रंग राहू दे. दांडी दाखव."

"दांडी?"

काकांनी उजव्या हाताने स्वतःचा डावा अंगठा उचलला आणि पहिल्याच्या दांडीवर ठेवला. डोळे मिटले. दांडी ढकलली, सोडली. "येते मधे, पण थरथरते." मग दुसरा. "ही आळशी आहे. रेंगाळते." मग मी. एकदा. पुन्हा एकदा. "ही बघ. सोडली की मधे. हाच द्या."

"अहो, खेळायचंय की लोखंड उचलायचंय?" काकू म्हणाल्या.

"अगं, क्रेनवर मला चक्कर आली, हात सुटला, अगदी मी मेलो, तरी लिव्हर आपला आपण मधे येतो. लोखंड जागच्या जागी थांबतं. नाही आला मधे, तर खालचा माणूस गेला."

"पण काका, गेममध्ये खाली कोण असणार?" दुकानदार हसला.

"असेल कोणीतरी," काका म्हणाले आणि मला खिशात घालून बघितले.

अशी माझी निवड झाली. पडद्यासाठी नाही, रंगासाठी नाही. सोडल्यावर मधे येतो म्हणून.

काकांनी एकच खेळ खेळला. त्यात एक छोटे गाव होते आणि एक माणूस. त्याला कोणतीही टोपी घालता येत असे. काकांनी पिवळी निवडली, हेल्मेटसारखी. तो माणूस दारातून बाहेर पडायचा, डावीकडे वळायचा, दिव्याच्या खांबावरून पुढे धक्क्याच्या टोकाला जाऊन गळ टाकायचा. पाण्यावर बूच तरंगायचे. बूच बुडाले की लगेच उजवे बटण दाबायचे, म्हणजे मासा आला. तोवर वाट बघायची. वाट बघताना काका अंगठा उचलायला विसरत. उचलायला जड जायचा तो. दांडीवर तसाच डावीकडे कलंडून पडलेला असायचा, एखाद्या झोपलेल्या मुलाच्या डोक्यासारखा.

काकू शेजारच्या खोलीत मशीनवर बसत. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, काखेतल्या उसवणी शिवायच्या. मला त्यांनी आल्या दिवशीच नाव ठेवले होते.

"अहो, सवतीला ठेवा खाली आणि जेवायला या!"

"थांब, मासा येतोय."

"तो काय ताटात पडणार आहे?"

"पडला तर पहिला तुकडा तुला."

कौतुकही झाले माझे, मित्रांनो. एके दिवशी काकांनी डाव्या हाताने पाण्याचा पेला उचलला. निम्मे पाणी शर्टावर सांडले, पण उचलला. व्यायामाच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाल्या, "कोणी शिकवलं?" काकांनी माझ्याकडे बोट केले. काकू म्हणाल्या, "बघा, आम्ही जन्मभर शिकवतोय, ते गेलं पाण्यात."

मग ती दुपार. काका खुर्चीत, मी त्यांच्या मांडीवर. बूच तरंगत होते.

बूच बुडाले.

बटण दाबायचे होते.

बूच वर आले. मासा गेला. मला वाटले, काका पुन्हा गळ टाकतील. अंगठा दांडीवरच होता, डावीकडे कलंडलेला. आतून काकू म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का?" माझा पडदा मंद झाला. मग आणखी मंद. काकू पुन्हा म्हणाल्या, "अहो?"

मी झोपलो. आम्हाला कोणी हलवले नाही की आम्ही झोपतो.

अडगळ. काकूंनी मला मशीनच्या खणात टाकले, दोऱ्याच्या रिळांखाली. तिथे सुया होत्या, खडू होता आणि अंधार होता. किती काळ गेला ते मला सांगता येणार नाही. खणात दिवस नसतो. एकदा काळा दोरा शोधताना काकूंचा हात मला लागला. त्यांनी मला बाहेर काढले, पदराने पुसले, चार्जिंगला लावले. चालू केले. मग चष्मा आणायला म्हणून मला टेबलावर ठेवून वळल्या.

पिवळ्या टोपीचा माणूस दारात उभा होता. मला कोणी हात लावलेला नव्हता.

तो निघाला. डावीकडे वळला. रस्त्याने गेला. खांबावरून पुढे गेला. धक्क्याच्या टोकाला कठडा लागला तरी थांबला नाही. पाय चालत राहिले आणि तो जागच्या जागी राहिला, पाण्याकडे तोंड करून.

चष्मा हातातच राहिला. काकू खाली बसल्या.

"अहो?" त्या म्हणाल्या.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तेच. काकू माणसाला परत घरापाशी आणायच्या, दारात उभा करायच्या आणि मला टेबलावर ठेवून हात मागे घ्यायच्या. तो निघायचा. धक्क्यावर पोहोचून चालत राहायचा. काकू बघत राहायच्या. मग पुन्हा दारापासून. आणि पुन्हा. आपल्या जागी न पोहोचणाऱ्या माणसाचे पाय मी त्यांना दाखवत होतो, आणि मला थांबता येत नव्हते. टेबलाच्या कडेला पँटींचा ढीग वाढत गेला. गिऱ्हाइके दार वाजवून परत जाऊ लागली. एकदा दूध उतू गेले, आटले, करपले, आणि पातेले लाल होईपर्यंत काकूंना वास आला नाही. त्या दिवशी शेजाऱ्यांनी लेकीला फोन केला.

लेक आली. काळे पातेले बघितले. मग काकूंच्या शेजारी बसून त्या माणसाला बघितले.

"आई, ते बाबा नाहीत. दांडी घासलीय. सगळ्यांची घासते."

"सगळ्यांचंच होतं, हेच सांगायला आलीस का तू?"

"घर पेटलं असतं आई!"

"मी त्याला दारात आणून सोडते फक्त. कुठे जायचं ते मी सांगत नाही. तोच जातो." काकूंनी पुन्हा माणसाला दारात उभे केले. "बघ तू. बघ ना."

लेक उठली आणि पडद्यावर हात ठेवला. "उद्या दुकानात जायचं. हा देऊन नवीन घेऊ. तुला खेळायचं तर खेळ, पण असं नाही."

आणि मी पुन्हा काचेच्या टेबलावर आलो, मित्रांनो. दुकानदार तोच, केस तेवढे गेलेले. त्याने माझ्या शेजारी एक नवा ठेवला, चकचकीत, कडेपर्यंत पडदा. मला चालू करून बघितले. "ड्रिफ्ट म्हणतात याला काकू. आतली पट्टी झिजते आणि हात न लावता दाबल्यासारखं होतं. हा घ्या, नवीन. जुना मी ठेवून घेतो."

काकूंनी डोळे मिटले. नव्याच्या दांडीवर अंगठा ठेवला, ढकलली, सोडली. दांडी मधे आली. मग अंगठा माझ्यावर आला. सुईने टोचून टोचून खरखरीत झालेला अंगठा. ढकलली, सोडली. माझी मधे आली नाही. मी खूप प्रयत्न केला. ज्यासाठी मला निवडले होते तेवढी एकच गोष्ट मला जमेना.

"त्यांनी असली दांडी एक दिवस चालू दिली नसती," काकू डोळे न उघडता म्हणाल्या. "क्रेन बंद करून खाली आले असते. खाली माणूस आहे म्हणाले असते."

"इथे खाली कोण आहे, आई?" लेकीने हळूच विचारले.

"मी आहे."

काकूंनी डोळे उघडले.

"नवा नको," काकू म्हणाल्या. "याचीच दांडी बदलून द्या. आणि जुनी फेकू नका. ती माझी आहे."

दुकानदाराने बारीक स्क्रूड्रायव्हर उचलला. मला बोलता आले असते तर काय बोललो असतो ते मला माहीत नाही. थांबा म्हणालो असतो की लवकर करा म्हणालो असतो. पहिला स्क्रू निघाला, दुसरा निघाला, आणि मी घराच्या दारातून डावीकडे, रस्त्याने, दिव्याच्या खांबापा

 

मी एक जुना गेमिंग कन्सोल आहे.

माझा जन्म एका मोठ्या, थंड, पांढऱ्या खोलीत झाला. तिथे डोक्याला टोप्या घातलेल्या बायका ओळीने बसल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीने मला पहिल्यांदा चालू केले, डावी दांडी डावीकडे ढकलली आणि सोडली. ती मधे आली. "ठीक," असे म्हणून तिने मला पुढच्या बाईकडे सरकवले.

बघा, वाक्ये पूर्ण होऊ लागली. मला त्याचा आनंद झाला नाही.

जुनी दांडी काकूंनी बटणांच्या डब्यात ठेवली. मला टेबलावर ठेवून चालू केले आणि हात मागे घेतला. पिवळ्या टोपीचा माणूस दारात उभा राहिला. उभाच राहिला. गावात पाखरे उडाली, दिवे लागले, तो हलला नाही. काकूंनी मला बंद केले.

मग पुष्कळ दिवस मशीनचा आवाज येत राहिला. ढीग उतरला. नवे पातेले आले. मी रिकामा होतो. ज्या घरात कोणी राहत नाही ते घर कसे असते हे मला तेव्हा कळले, मित्रांनो. त्यापेक्षा भूत बरे.

एका संध्याकाळी लेक आलेली असताना काकूंनी मला उचलले. माणूस दारात होता. काकूंनी अंगठा दांडीवर ठेवला.

"चला," त्या म्हणाल्या, आणि स्वतः त्याला डावीकडे घेऊन निघाल्या.

त्यांना धड चालवता येईना. माणूस खांबावर आदळला, एका कुंडीत अडकला. धक्क्यावर पोहोचल्यावर लेकीने गळ टाकून दिला. बूच तरंगू लागले.

"आई, बुडालं! दाब, दाब!"

"कुठलं गं मेलं?"

"उजवं! गेला बघ. काय आई!"

"ओरडतेस काय? तुझे बाबा चांगले शिकवायचे."

"बाबांनी तुला कधी शिकवलं?"

"नाही शिकवलं," काकू म्हणाल्या. "मी कधी बसलेच नाही शेजारी."

पुढच्या वेळी बूच बुडाले तेव्हा दोघींनी एकदमच बटण दाबले. पिवळ्या टोपीच्या माणसाने मासा डोक्यावर धरून दाखवला.

"पहिला तुकडा माझा," काकू म्हणाल्या. लेक हसली आणि मग तिने तोंड फिरवले.

आता काकू रोज धक्क्यावर येतात. वाट बघताना त्यांचाही अंगठा उचलायचा राहतो. सांध्यांत दुखते त्यांच्या. तो माझ्या नव्या दांडीवर डावीकडे कलंडून पडलेला असतो.

काल त्यांनी मला टेबलावर ठेवले आणि दूध बघायला आत गेल्या. माणूस दारात उभा होता. मला कोणी हात लावलेला नव्हता.

तो एक पाऊल डावीकडे सरकला.

जुनी दांडी डब्यात आहे, म्हणजे हा काकांचा नाही. हा अंगठा कोणाचा आहे ते मला ठाऊक आहे. मी अजून कोणाला सांगितलेले नाही, फक्त तुम्हाला.

मित्रांनो, मला पुसत जा, चार्ज करत जा, पाडू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतील. माझे मागणे वेगळे आहे. दांडीत येण्याआधी अंगठा हातात असतो आणि तेव्हा तो गरम असतो. तुमच्या घरात कोणी एकटे बसून खेळत असेल, तर शेजारी जाऊन बसा. खेळ कळला नाही तरी चालेल. बूच बुडाले की ओरडून सांगा.