एकट्याचा सांधा

"बाबा, ठोका आता. धरलंय मी."

संतोषने चौकटीचं पलीकडचं टोक दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं, आणि खांदा व कान यांच्या बेचक्यात मोबाइल. फोनवर त्याची बायको तेजल होती. सदू मिस्त्रीने हातोडा उचलला, पण घाव घातला नाही. सून काय म्हणते ते त्याला ऐकू येत नव्हतं. मुलाची उत्तरं मात्र येत होती.

"निघतो गं... नाय, अजून दोन चौकटी राहिल्यात... अगं, एकट्याला नाय जमत ना त्यांना."

ते शेवटचं वाक्य सदूला लागलं. खोटं होतं म्हणून नव्हे, खरं होतं म्हणून. त्याने घाव घातला, सांधा बसला, आणि दोघांनी पुढची चौकट ओढली.

कुळगावात जुन्या घरामागे सदूची पत्र्याची शेड होती. चाळीस वर्षं तो खिडक्या-दारांच्या चौकटी करत आला. आता बदलापुरात नव्या इमारती उठतात त्यांना ॲल्युमिनियमच्या खिडक्या लागतात, आणि त्या बसवायला त्याचा मुलगाच जातो. संतोष उल्हासनगरात एका सिंधी सेठच्या कारखान्यात होता, राहायलाही तिथेच, कॅम्प नंबर चारला. लाकडाची खिडकी मागणारे उरले ते वांगणीकडे फार्महाऊस बांधणारे हौशी लोक. तेवढ्यांवर सदूचं भागत होतं. खाणारं तोंड तरी एकच होतं.

खिडकीची चौकट म्हणजे चार लाकडं, असं बघणाऱ्याला वाटतं. पण ती एकमेकांत अडकवावी लागतात, तीही खिळ्याशिवाय. आडव्या लाकडाच्या टोकाला जिभेसारखा कुसू कोरायचा, उभ्या लाकडाला त्याच मापाचं भोक पाडायचं, आणि कुसू भोकात ठोकून बसवायचा. गंमत अशी, की एक कोपरा बसायला लागला की समोरचा तोंड वासतो. म्हणून पलीकडे कुणीतरी लागतंच. त्याने फार काही करायचं नसतं, नुसतं धरायचं असतं. पण ते नसलं तर भलाभला कारागीरही हात चोळत बसतो.

एकतीस वर्षं ते टोक कौसाबाईने धरलं. लग्न होऊन आली तेव्हा तिला पटाशी कुठली आणि रंधा कुठला हे ठाऊक नव्हतं. पुढे पुढे काटकोन तपासायचा गुण्या लावण्याआधीच ती नुसत्या नजरेने सांगायची, की तुमची बाजू वर चाललीय. सगळा संसार त्या दोघांनी चौकटीच्या दोन टोकांना बसून बोलून घेतला. नणंदेचं लग्न, पोराची शाळा, पत्रे बदलायचे की नाही, सगळं. दोन वर्षांपूर्वी ती चार दिवसांच्या तापात गेली. दिवसकार्य उरकल्यावरच्या पहिल्या रविवारी संतोष आला, आईच्या जागी बसला आणि त्याने टोक धरलं. त्यानंतर त्याचा एकही रविवार चुकला नव्हता.

सकाळी दहाला मोटारसायकल दारात लागायची. एकपर्यंत काम. मग सदूच्या हातची भाकरी आणि जवळ्याचं कालवण. जेवल्यावर संतोष लाकडाच्या भुश्यावर गोणपाट टाकून तासभर झोपायचा, चहा घ्यायचा आणि जायचा. बोलणं बेतास बात. बापलेक दोघेही त्या बाबतीत कद्रू. पण चार फुटांवर, समोरासमोर, हाताला हात लागेल असे ते बसायचे. एका घरात राहत होते तेव्हाही इतके कधी बसले नव्हते. सदू आठवडाभर लाकूड कापून ठेवायचा ते त्या दोन-तीन तासांसाठी. हे त्याने स्वतःशीही कधी कबूल केलं नव्हतं. विचारलं असतं कुणी, तर म्हणाला असता, कामाची सोय म्हणून.

आणि आता हे वाक्य. एकट्याला नाय जमत. पोराला आठवड्यात सुटी एक, ती आपण खातो. तेजल भली पोर. तिने कधी तोंडावर शब्द काढला नाही. पण न बोलणारी माणसंही कॅलेंडर बघतातच. सदूला स्वतःची लाज वाटली.

त्या रात्रीपासून नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन तो कामाला लागला. शेडमधले तुकडेताकडे त्याने गोळा केले. कुसू आडवा शिरतो, म्हणून कोपरा उघडतो. मग तो आडवा शिरायलाच नको. वरून बसला तर? एक लाकूड जमिनीवर पडलेलं, त्यात खाच. दुसरं वरून नुसतं ठेवायचं. जमीन धरेल पहिलं लाकूड, माणूस कशाला पाहिजे? पहिली खाच सरळ काढली तर सांधा ओढला की निसटला. मग खाचेच्या कडा तिरक्या केल्या, आत रुंद आणि तोंडाशी अरुंद, तसाच कुसू. आता ओढला तरी येईना, पण वर उचलला की यायचा. मग आरपार एक लाकडी मेख. आठ-दहा तुकडे वाया गेले. शेवटी त्याने पत्र्याचा एक फर्मा कापला. चारही कोपरे त्याच एका फर्म्याने आखायचे. डावा-उजवा नाही, वरचा-खालचा नाही. इतकं सोपं, की आपल्याला हे चाळीस वर्षांत का सुचलं नाही याचंच त्याला नवल वाटलं. सुचलं नाही, कारण कधी गरज पडली नाही.

सुतार माणूस. आपल्याच पायावर कुऱ्हाड कशी पडते हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पण त्या आठवड्यात सदू इतका खुशीत होता, की कुऱ्हाडीकडे त्याचं लक्षच नव्हतं.

रविवारी संतोष बाह्या सरसावून बसायला लागला तेव्हा सदूने त्याला खुर्ची दिली. बस म्हणाला, आज नुसतं बघायचं. मग त्याने एकट्याने, घाई न करता, एक लाकूड खाली ठेवलं, त्यावर दुसरं, तिसरं, चौथं. चार मेखा ठोकल्या. चौकट उचलून भिंतीला उभी केली आणि गुण्या लावून दाखवला.

संतोष उठून उकिडवा बसला. प्रत्येक कोपऱ्यावरून त्याने बोट फिरवलं. "भारी, बाबा. एक नंबर. आमचा सेठ बघेल तर वेडा होईल."

"आता तुला दर रविवारी धावायला नको," सदू म्हणाला.

हे वाक्य त्याने आठवडाभर मनात घोळवलं होतं. पोराला देण्यासारखं त्याच्याकडे दुसरं काय होतं? संतोष म्हणाला, तसं काही नाही, मी येतच जाईन. पण त्याचे खांदे जरा खाली आले, पाठीवरचं ओझं उतरल्यावर येतात तसे. सदूने ते पाहिलं. त्याला आनंद झाला, अगदी खरा. तो दोन दिवस टिकला.

पुढच्या रविवारी सवयीने दोघांचं कालवण झालं. दहाला फोन आला. सगळं ठीक ना, काम होतंय ना? होतंय, सदू म्हणाला. जमतंय ना एकट्याला? जमतंय. मग ठेवतो, तेजलच्या आईकडे निघालोय. उरलेलं कालवण सदूने संध्याकाळी खाल्लं. त्यापुढच्या रविवारी त्याने एकट्यापुरतं केलं आणि ते जास्त झालं. असे पाच रविवार गेले. कौसाबाई गेली तेव्हाही त्याला इतकं एकटं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा रविवार होता. आता आठवड्याचे सातही दिवस सारखेच.

आपण नुसतं ये म्हणालो असतो तर पोरगा आला नसता का? आला असता. पण त्यांच्या घरात कामाशिवाय कुणी कुणाला बोलावल्याचं सदूला आठवत नव्हतं. त्याच्या बापाने त्याला हाक मारली ती लाकूड उचलायला. कौसाबाईला त्याने हाक मारली ती टोक धरायला. नुसतं ये, बस, तुझी आठवण आली, हे शब्द त्याला माहीत होते, तोंडात बसत नव्हते.

पावसाळा संपता संपता वैदेही मॅडम आल्या. बदलापूरला बँकेत होत्या, वांगणीला घर बांधत होत्या, सहा खिडक्या सदूकडूनच नेल्या होत्या. आता त्यांना दिवाणखान्याला सात फुटांची खिडकी हवी होती, चंदेरीचा डोंगर पुरता दिसेल अशी. मध्ये दोन उभे खांब. जमेल ना काका, त्यांनी विचारलं. सदू इतक्या झटकन हो म्हणाला, की भाव करायचं राहूनच गेलं.

फर्मा त्याने खुंटीवरून काढलाच नाही. एवढ्या मोठ्या खिडकीला वरून बसवायची खाच टिकायची नाही, वजन फार, असं त्याने स्वतःला बजावलं आणि जुन्या पद्धतीने कुसू आणि भोकं पाडली. आठ सांधे. टिकणार नाही याची त्याला खात्री होती का? करून बघितलं नव्हतं. बघायचंही नव्हतं. सगळी लाकडं तयार झाल्यावर त्याने शुक्रवारी फोन लावला. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. आधी पावसाचं बोलला, मग तेजलच्या तब्येतीचं, मग म्हणाला, "एक खिडकी हाय. सात फुटी. एकट्याला नाय जमायची."

"येतो ना," संतोष म्हणाला. "रविवारी येतो."

रविवारी सदूने सकाळीच दाढी केली. बाजारातून ओले बोंबील आणले, शेड झाडली, भुसा एका बाजूला सारून त्यावर धुतलेलं गोणपाट अंथरलं. दहाला मोटारसायकल लागली. संतोष आला, जरा सुटला होता. पाणी प्यायला आणि आपल्या जागी बसला. सदूने पहिला कुसू भोकाच्या तोंडाशी आणला. पोराने पलीकडचं टोक धरलं. चार नाही, आता सात फुटांवर होता, पण होता समोर. सदूने हातोडा उचलला.

"थांबा बाबा." संतोषने हात काढला. "उद्या परत अशी मोठी ऑर्डर आली तर? मी साइटवर असलो तर?"

"येशील की दोन दिवसांनी."

"तसं नाय. तुमची गाडी अडून राहणार ना." त्याने लाकूड उलटं केलं, भोकात बोट घालून बघितलं, बराच वेळ नुसताच बघत राहिला. "फक्त भोकाचा हा एका बाजूचा गाल उडवला पाहिजे. मग वरून बसेल."

सदूला कळलं. सांगणाऱ्याच्या आधी कळलं, कारण त्याच्याही मनाच्या कोपऱ्यात ते कधीपासून पडून होतं. "राहू दे रे," तो म्हणाला. "तू धरलंस तरी पुरे."

"किती दिवस कुणी धरायचं, बाबा?" संतोष मायेनेच म्हणाला आणि करवत घेतली.

आठही भोकांची एक एक बाजू त्याने उघडली, म्हणजे कुसू आता वरून बसेल. त्यावर जी जागा मोकळी राहिली तिच्यासाठी सागाच्या निमुळत्या पट्ट्या काढल्या; खाचेच्या कडा पटाशीने आतून तिरक्या केल्या आणि पट्टी बाजूने ठोकत आत सरकवली. मेखेचीसुद्धा गरज नाही. वजन जितकं येईल तितकी पट्टी आवळणार. बारा वर्षं हा पोरगा ॲल्युमिनियम कापत होता, पण पटाशी हातात धरताना त्याचा अंगठा बरोबर जिथे हवा तिथे गेला. सदू खुर्चीवर बसून बघत होता. उठून त्याचा हात धरावा असं त्याला वाटत होतं, आणि त्याच वेळी त्याची छाती भरून येत होती. हे मी शिकवलं नाही. हे माझ्यापुढचं आहे.

तीन वाजले. बोंबील गार झाले. संतोष भराभर जेवला. झोपायला वेळ नव्हता, तेजलला पाचला दवाखान्यात न्यायचं होतं, नेहमीचीच तपासणी. चपला घालताना त्याने उभ्या चौकटीकडे वळून पाहिलं. तो खूप खूश होता.

"आता केवढीपण येऊ दे, बाबा. कुणाच्या तोंडाकडे बघायला नको तुम्हाला."

"छान केलंस," सदू म्हणाला. त्याला तसंच वाटत होतं.

मोटारसायकलचा आवाज अंबरनाथच्या रस्त्याकडे गेला. सदू आत आला. उन्हं शेडमध्ये तिरकी झाली होती. खिडकी भिंतीला उभी होती, सात फूट, चांगली भक्कम. त्याने चष्मा लावला आणि एकेक सांधा तपासायला घेतला. नख घालून बघितलं, शिरेना. पट्टीवर मूठ आपटून बघितली, हलेना. गुण्या चारही कोपऱ्यांना लावला. मग सुतळी घेतली, एका कोपऱ्यापासून तिरकी समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणली, गाठ मारली, आणि तीच सुतळी दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर धरली. कुठे सूतभर जरी फरक निघाला असता, तरी पोराला फोन करता आला असता, की बाबा रे, एकदा येऊन बघ.

गाठ बरोबर कोपऱ्यावर आली. त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा तिथेच आली.